खूण नसलेला आकडा आधी पाहा

तुमच्या पाच वर्षांच्या फेरेटच्या (मुंगसासारख्या दिसणाऱ्या या पाळीव प्राण्याच्या) रक्ताच्या अहवालात ग्लुकोज ५८ आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) ३६ यांच्यापुढे खूण आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.१ मात्र ‘सामान्य’ म्हणून सुटले आहे. मला खटकतो तो नेमका हाच तिसरा आकडा. प्रयोगशाळेने बहुधा मांजराची मर्यादा लावली असावी. निरोगी फेरेटचे क्रिएटिनिन साधारण ०.४ ते ०.६ असते आणि ०.९ च्या वर क्वचितच जाते, त्यामुळे युरिया व लघवीची तपासणी यांच्यासोबत मूत्रपिंडांचा विचार व्हायला हवा. युरिया एकटाच वाढला असता तर नुकतेच झालेले मांसाहारी जेवण किंवा पोटातील रक्तस्राव हेही कारण असू शकले असते.

हिमॅटोक्रिटबद्दल घाबरण्याआधी, रक्त घेताना आयसोफ्लुरेनची भूल दिली होती का, हे डॉक्टरांना विचारा. भूल चढताच काही मिनिटांत तांबड्या पेशी प्लीहेत साठतात आणि जागेपणी पन्नासच्या आसपास असलेला आकडा बराच खाली येतो. हा ॲनिमिया नव्हे.

ग्लुकोजचे प्रकरण अधिक नाजूक आहे. सत्तरच्या खालचा आकडा इन्सुलिनोमाचा (स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीचा) संशय नक्कीच निर्माण करतो. पण रक्त नळीत तसेच पडून राहिले, तर त्यातील पेशी साखर खात राहतात. माझ्या फेरेटचा पहिला आकडा ५४ होता. दुसऱ्या वेळी सीरम (पेशींविना उरणारा रक्ताचा द्रव) लगेच वेगळे केले, तेव्हा तो ९२ निघाला. माणसांसाठीचे घरगुती ग्लुकोमीटरही फेरेटमध्ये सहसा कमीच दाखवते.

तरीही तुमचा फेरेट मध्येच एकटक पाहत थिजत असेल, लाळ गाळत तोंडावर पंजे मारत असेल किंवा चालताना त्याचे मागचे पाय फरफटत असतील, तर नळीला दोष देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तो कोसळलाच, तर कापसाच्या काडीने हिरड्यांवर थोडा मध चोळा (बोटाने नको, त्या अवस्थेत तो कडकडून चावतो) आणि तडक दवाखाना गाठा.

फेरनमुन्यासाठी त्याला तीन-चार तासच उपाशी ठेवा, रात्रभर कदापि नाही, आणि रक्त शक्यतो भुलीविना घेऊन ग्लुकोज तिथेच मोजण्याची विनंती करा.