पंचेचाळीस हजारांची वॅगन आर: घेऊ की नको?

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बेळगावला न्यावं लागतं. जाताना कसंतरी वडापनं (शेअर जीपनं) जातो पण येताना त्यांच्या अंगात त्राण नसतं, मग भाड्याची गाडी करतो, खेपेला बाराशे रुपये जातात. माझ्या नवऱ्याच्या मामेभावाची चंदगडला वॅगन आर आहे, २०११ ची, एमएच ०९ पासिंग, ४५ हजारांत देतो म्हणतोय. गाडी वर्षभर दारात उभी आहे, क्लच गेलाय, बॅटरी डाऊन आहे, बाकी इंजिन एकदम ओके आहे असं त्याचं म्हणणं. आरसीची म्हणजे रजिस्ट्रेशनची मुदत पाच महिन्यांनी संपते. आमच्याकडं सगळं मिळून एक लाख आहेत, दिराला गाडी चालवायला येते. घेऊन रिपेअर करावी का? दोन फोटो पाठवते.

उत्तर : ताई, गाडी तुम्हाला पाहिजेच. हिशोब तुमच्या पत्रातच आहे की, आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला १०४ खेपा, बाराशेनं १,२४,८०० रुपये होतात. एवढ्यात जुनी का होईना एक गाडी येते. त्यामुळं गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण ही गाडी घेऊ नका असं म्हणणार आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण समोरचा माणूस पाव्हणा आहे, त्याला नाही म्हणायचं तर तुमच्या हातात धडधडीत कारण पाहिजे.

गाडी कशासाठी घ्यायची ते आधी बघा. भाजी आणायला नाही, लग्नाला जायला नाही. चार तास मशीनवर काढून आलेला म्हातारा माणूस मागच्या सीटवर आडवा झालेला असतो, बीपी उतरलेलं असतं, बाहेर जुलैचा पाऊस, आणि पिरनवाडी सोडल्यावर गाडी बंद पडली तर दीर बॉनेट उघडणार का सासऱ्यांना धरणार? तुमच्या कामाला गाडी जुनी चालेल, रंग उडालेली चालेल, एसी नसलेली चालेल, पण रस्त्यात थांबणारी चालणार नाही.

आता गाडीविषयी. २०११ ची म्हणजे बहुतेक ९९८ सीसीचं के सीरीज इंजिन, चांगलं इंजिन आहे ते, त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन असते. त्याआधीच्या वॅगन आरला १०६१ सीसीचं इंजिन होतं, त्याला बेल्ट होता. म्हणजे मॉडेलमध्ये खोट नाही, आणि क्लच ही पण काही मोठी भीती नाही, माझ्या अंदाजानं मजुरीसकट सहा-सात हजारांत होतो. भीती आहे ती वर्षभर उभी असण्याची. उभ्या गाडीचं पेट्रोल खराब होतं, फ्युएल पंप धरतो, ब्रेक जाम होतात, टायर एकाच जागी दबून चिरा पडतात, आणि आपल्याकडं भाताची कणगी जवळ असली की उंदीर वायरिंगवर येतातच. यातलं मामेभावाला काहीच दिसत नसणार, तो खोटं बोलतोय असं नाही, त्यानं गाडी चालू असताना बघितली होती तीच त्याच्या डोक्यात आहे.

आणि फोटो. दुसऱ्या फोटोत ड्रायव्हरच्या दाराखालचा रनिंग बोर्ड दिसतोय, तिथं काळा रंग आहे, ताजा, चकचकीत, मातीचा एक शिंतोडा नाही. वर्षभर दारात उभी असलेल्या गाडीला खालनं नवीन रंग कशाला? चंदगडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. तिथं अंगठा दाबून बघितल्याशिवाय मी त्या पत्र्यावर विश्वास ठेवणार नाही. कडक लागलं तर ठीक, आत गेलं किंवा पापुद्रा सुटला तर खाली सगळं गंजलेलं समजा. इंजिन उतरवून दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, कुजलेली बॉडी मात्र एका ठिकाणी वेल्डिंग केली की शेजारी फुटते.

हे मी अनुभवानं सांगतोय. २०१९ च्या महापुरानंतर मी स्वतः निपाणीकडची एक गाडी स्वस्तात घेतली, आतून धुऊन पॉलिश केलेली, सीटला नवीन कव्हर, सुगंधी डबी लावलेली. दोन महिन्यांनी एक दिवस मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला वीतभर पिवळट चिखल वाळून बसलेला होता. कार्पेट उचललं तर खाली नदीचा गाळ. त्यानंतर एकेक सेन्सर, एकेक वायर असं करत वर्षभर गाडी गॅरेजलाच होती, आणि मी या धंद्यातला माणूस असून बेल्ट आधी ओढला नव्हता याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून कुठलीही गाडी बघताना पाचही बेल्ट पूर्ण ओढतो.

कागदांचं तर त्याहून मोठं काम आहे. गाडी महाराष्ट्राची, तुम्ही कर्नाटकात. कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ लागणार, चलन थकलेलं असलं तर ती अडकणार, लोन घेतलेलं असलं तर बँकेचं पत्र आणि लोन फिटल्याचा फॉर्म ३५ लागणार. मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३०, इकडचा रोड टॅक्स, नवीन नंबर. रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं कमी होतो पण भरावा लागतोच. आणि एवढं होईपर्यंत पंधरा वर्षं भरणार, म्हणजे परत फिटनेस दाखवून पाच वर्षांसाठी रिन्यू करायचं. त्याचा अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आतच घेतात, म्हणजे आज करून मोकळं होता येत नाही. फी पूर्वी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारला ५,००० झाली. आणि खालनं गंजलेली निघाली तर फिटनेसलाच अडकेल.

आपल्या भागात बरेच जण म्हणतात, पाव्हण्याची गाडी आहे, राहू दे की त्याच्याच नावावर, कोण बघतंय. असं करू नका ताई. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नंबर बदलावाच लागतो हा केंद्राचा कायदा आहे, आणि उद्या दिराच्या हातून कुणाला धक्का लागला तर भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरतात, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. बिचारा मामेभाऊ चंदगडात बसून कोर्टाच्या फेऱ्या मारेल, आणि घरातलं नातं तुटेल ते वेगळंच.

आता बेरीज करू. गाडी ४५, क्लच ७, चार टायर १४, बॅटरी ४, ब्रेक-पंप-ऑइल-सर्व्हिस धरून १०, रिन्यूचे ५, सगळे हजारात. झाले ८५. थर्ड पार्टी इन्शुरन्स हजार सीसीच्या आतल्या कारला वर्षाला २,०९४ अधिक जीएसटी. इकडचा टॅक्स आणि कोल्हापूरच्या चकरा अजून धरल्याच नाहीत, पत्र्याचं काम तर नाहीच. तुमचा लाख संपला आणि गाडी अजून गॅरेजलाच, तोपर्यंत बाराशेची खेप चालूच.

त्यापेक्षा तोच लाख घेऊन केए २२ म्हणजे बेळगाव पासिंगची चालती गाडी शोधा, ज्यात रजिस्ट्रेशनची निदान चार-पाच वर्षं शिल्लक आहेत, छोटी अल्टो असली तरी चालेल, फक्त सासऱ्यांना एकदा मागं बसवून बघा, गुडघे वाकतात का. थोडे कमी पडले तर दोन महिने थांबा. बघायला जाताना मालकाला आधीच फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा, गरम लागलं तर परत या. थंड गाडी चालू केल्यावर मागनं निळा धूर आला तर ती ऑइल पितेय, पांढरा धूर येतच राहिला आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखं काही दिसलं तर हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील गेलंय. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडायचा, इंजिन बंद पडलं पाहिजे, नाही पडलं तर क्लच संपलाय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, ते वाचा. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी, इन्शुरन्स बघून घ्या. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, त्याला पाचशे रुपये द्या, आणि गाडी पिटवर चढवून खालनं बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

एवढं सांगून पण घरात हीच घ्यायची ठरली, नात्यात होतं असं, तर मामेभावाला प्रेमानं एवढंच सांगा की गाडी तुम्ही चालू करून द्या, एनओसी आमच्या हातात द्या, आणि अंगठा मात्र आम्ही लावून बघणार. एक हजार रुपये पण त्याच्या आधी देऊ नका, आणि रनिंग बोर्ड कसा लागला ते मला नक्की कळवा.