भाडेकरूला विमा सक्तीचा करावा का?

प्रश्न : इंदिरानगरमधला फ्लॅट भाड्याने देतोय. करारात भाडेकरूच्या विम्याची अट घालू का?
– एक घरमालक, नाशिक

उत्तर : कायद्याची सक्ती नाही, पण दोघांची संमती असेल तर अट चालते. मात्र ती लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात नोंदणीआधीच हवी. नंतर तोंडी सांगून उपयोग नाही.

आधी स्वतःकडे बघा. घराचा आणि तुम्ही दिलेल्या गीझर-कपाटांचा विमा तुम्हीच काढायचा. त्यात भाडेकरूचं सामान येत नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी भाडेकरूला फक्त सामानासाठी घेता येते. आग, पूर, पाइप फुटणं त्यात येतं. गोदाकाठच्या तळमजल्यावर तर ती हवीच. निव्वळ घरफोडी मात्र मूळ पॉलिसीत नसते. आग-पुरासारख्या घटनेनंतर 7 दिवसांत झालेली चोरीच धरतात. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. दागिन्यांचंही तसंच.

भाडेकरूच्या चुकीने तुमचं घर जळालं, तर त्याची सामानाची पॉलिसी तुम्हाला काही देत नाही. त्यासाठी कायदेशीर दायित्वाचं संरक्षण लागतं. अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या विद्यार्थ्याला एवढं सगळं सक्तीचं करणं आम्हाला जाचकच वाटतं.