रेसमध्ये पळालेली जुनी फियाट 1100 गोव्यात राहून रिस्टोअर करून परत ट्रॅकवर उतरवता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल की. तुम्ही लिहिलंय गाडी मामांची, सत्तरच्या दशकात शोलावरमला, म्हणजे मद्रासजवळ धावपट्टीवर व्हायच्या त्या रेसमध्ये पळालेली, आता डिचोलीला गोदामात पडून आहे आणि तुम्हाला ती शोरूमसारखी करायचीय. शोरूमसारखी तेवढी करू नका प्लीज. साध्या फियाटी शोधल्या की मिळतात, मुंबईत पद्मिनी टॅक्सी (हीच फियाट, नाव नंतर बदललेलं) 2023 पर्यंत चालत होत्या त्यामुळे स्पेअरही अजून निघतात, पण मद्रासजवळच्या त्या महायुद्धातल्या धावपट्टीवर पळालेली गाडी परत कुठून आणणार? वजन कमी करायला कापलेला पत्रा, डॅशला पाडलेली भोकं, दारावरचा पुसट नंबर, हे सगळं राहू दे. खोलायच्या आधी भरपूर फोटो काढा आणि मामांना शेजारी बसवून विचारून घ्या की इंजिनाचं हेड किती घासून प्लेन केलं, कार्ब्युरेटर कुठला होता, त्यात जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) काय टाकायचे, कारण ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

आता उलटी बाजू. ज्यावर जीव अवलंबून आहे ते मात्र जुनं ठेवायचं नाही, तिथे भावनिक होऊ नका. ब्रेक होज, व्हील सिलिंडरची रबरं, मास्टर सिलिंडर, सीट बेल्ट, टायर सगळं नवं. या गाडीला चारी चाकांना ड्रम आणि ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एक पाइप फुटला की पेडल सरळ खाली जातं आणि चारी चाकांचे ब्रेक गेले. टायर दिसायला नवे असले तरी बाजूवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कोड तीनच आकडी निघाला तर तो टायर 2000 च्या आधीचा, विचारच करू नका.

रंगाआधी क्रॅक टेस्ट करा हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण रंगापासूनच सुरुवात करतो! स्टब एक्सल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो दांडा), स्टिअरिंग आर्म, कनेक्टिंग रॉड, क्रँक हे सगळं धुऊन त्यावर लाल डाय मारायचा, थोडा वेळ ठेवून पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा, चीर असेल तर लाल रेघ वर येते. रेसमध्ये रुंद रिम टाकून पळवलेल्या गाडीचे स्टब एक्सल तर नक्की बघा. यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, वास्कोच्या शिपयार्डांत वेल्डिंग तपासायला हीच टेस्ट करतात, तिथे काम करणारा कोणीतरी ओळखीचा निघेलच. तसंच टर्निंगच्या (लेथवरच्या) कामाला उसगाव-तिस्क भागात खाणीचे ट्रक आणि बार्जची कामं केलेले जुने मेस्त आहेत, त्यांच्यापुढे 1089 सीसीचं इंजिन म्हणजे खेळणं, फक्त क्लिअरन्स, म्हणजे भागांमधली फट, किती ठेवायचा ते कागदावर लिहून द्या नाहीतर ते डंपरच्या हिशोबाने सैल ठेवतील.

पेट्रोल हा नवा त्रास आहे. आता पंपावर ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, ते जुनी रबरी नळी आणि गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) खातं, हवेतलं पाणी ओढतं (आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय असतं काय), शिवाय मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून मेन जेट थोडा मोठा लागतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. रंगाचं काम चवथ (गणेश चतुर्थी) आटोपून पाऊस पूर्ण उघडला की घ्या, दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो.

रजिस्ट्रेशनचं विचारलंत. 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 2021 च्या नियमांनी व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन रजिस्ट्रेशनला 20,000 रुपये, 10 वर्षं चालतं, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे, तिथे रेसची गाडी अडकू शकते. नुसती ट्रॅकवरच पळवायची असेल तर त्या भानगडीत पडूच नका, ट्रेलरवर टाकून न्या. आणि टेस्टिंगला रात्री मोपाच्या रस्त्यावर किंवा झुआरीच्या नव्या पुलावर नेऊ नका हो, रस्त्यावर रेसिंग हा मोटर वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे आणि कोणाच्या तरी स्कूटरला लागलं तर काय?

गोव्यात कायमचा ट्रॅक नाही, म्हणजे कोईम्बतूरचं करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, 3.7 किलोमीटरचं. माझं मत चेन्नई, जागा मोठी आहे आणि शोलावरमच्या रेस बंद झाल्यावर खेळ तिथेच गेला. रेसमध्ये उतरायचं तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स लागतं, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा पिंजरा), बेल्ट आणि फायर एक्स्टिंग्विशर स्क्रूटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत बघतात, म्हणून केज वेल्ड करायच्या आधीच आयोजकांना विचारा गाडी कुठल्या क्लासमध्ये घेतील. पहिल्या दिवशी मात्र रेस नको, नुसता ट्रॅक डे, म्हणजे शर्यत न लावता ट्रॅकवर गाडी चालवायचा दिवस. दोन-तीन लॅप हळू मारून पिटमध्ये या, चारी ड्रमला हात जवळ नेऊन बघा कुठला जास्त तापलाय, खाली वाकून तेल गळतंय का बघा, व्हील नट परत आवळा, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. मगच मामांना चालवायला द्या.