सही केलेली कोरी पानं

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, ‘काका, चेकबुक सह्या करून अकाउंटंटकडे ठेवलंय, मी मस्कतला असलो तरी इथलं काम अडायला नको.’ नगरसेवकपदाची टर्म संपवून बाहेर धंदा टाकतोयस, आनंद आहे. पण त्या वाक्यावर मी गप्प झालो, कारण मला हेन्री मेग्ज आठवला.

हा न्यूयॉर्ककडचा लाकूडव्यापारी. 1849 च्या सोन्याच्या धांदलीत तो जहाजभर लाकूड घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि बख्खळ कमावलं. पुढे तिथल्या नगरपालिकेवर निवडून आला. शहर उत्तरेला, नॉर्थ बीचकडे वाढणार असा त्याचा होरा होता. तिथे जमिनी घेतल्या, रस्ते काढले, समुद्रात लांबलचक धक्का बांधला. सगळं उधारीवर. शहर मात्र दुसरीकडेच सरकलं. 1854 मध्ये मंदी आली आणि व्याज गळ्याशी आलं.

त्या पालिकेची वॉरंटं म्हणजे तिजोरीवरच्या हुंड्याच म्हण ना. महापौर आणि कंट्रोलर (म्हणजे पालिकेचे हिशेब बघणारा अधिकारी) वेळ वाचावा म्हणून त्यांच्या कोऱ्या पानांवर आधीच सह्या करून ठेवत. असं एक पुस्तक मेग्जच्या हाती लागलं. आकडे त्याने भरले, ती वॉरंटं तारण ठेवून कर्जं काढली. ज्या रस्त्यांच्या फंडातून ती वटायची त्यात खडखडाट होता, पण सही खरी होती! 6 ऑक्टोबर 1854 च्या सुमारास बायकामुलं आणि भाऊ यांना घेऊन तो जहाजाने पसार झाला. भाऊ कोण, तर नुकताच निवडून आलेला कंट्रोलर. मागे आठ-दहा लाख डॉलरचं देणं.

इथवर ऐकून तू म्हणशील, चोर होता, संपलं. पण गडी कर्तबगार होता, हेही मान्य करायला हवं. पळून तो चिलीत पोचला. तिथे व्हॅल्पराइझो ते सँटियागो रेल्वे रखडली होती. 1861 मध्ये त्याने तीन वर्षांच्या बोलीवर ती घेतली आणि दोन वर्षांत पुरी केली. स्थानिक मजुरांना वेळेवर पगार आणि माणसासारखी वागणूक, हे त्याचं गुपित. (आपल्या बोरघाटातली गाडीही 1863 चीच. खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्याचे अवशेष मी तुला दाखवले होते.) जुन्या सावकारांची बरीचशी देणीही त्याने माणसं पाठवून फेडली.

मग पेरू हा देश. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, ग्वानो, विकून ते सरकार श्रीमंत झालं होतं. राष्ट्राध्यक्ष बाल्टांनी मेग्जला एकामागून एक रेल्वे दिल्या. 1870 आणि 1872 मध्ये लंडन-पॅरिसच्या बाजारात प्रचंड कर्जं उभारली. लिमाहून ओरोयाला जाणारी लाइन मालिनोव्स्की या पोलिश इंजिनिअरने आखली. तीही बोरघाटासारखीच पुढे-मागे करत डोंगर चढते, पण जवळजवळ 4,800 मीटरपर्यंत! वेरुगासच्या दरीत पूल बांधताना मजूर तापाने पटापट मेले. चीनहून आणलेले हजारो मजूरही या लाइनींवर राबत होते. त्या तापाचा माग काढायला 1885 मध्ये डॅनिएल कॅरिऑन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने रोग स्वतःच्या अंगात टोचून घेतला आणि त्यातच तो गेला. मेग्जच्या नावाचा डंका वाजतो तेव्हा ही माणसं कुणाला आठवत नाहीत.

ग्वानोचा पैसा आटला, 1876 मध्ये पेरूने कर्जफेड थांबवली. आता बघ, मेग्जने काय केलं. सार्वजनिक कामांची कंपनी काढून तिच्या नोटा छापल्या. लोक त्यांना मेग्जच्या नोटाच म्हणत. गाव बदललं, भाषा बदलली, पण उद्याची चढती आज कागदावर खर्चून टाकायची खोड सामानाबरोबर लिमापर्यंत आली होती. 30 सप्टेंबर 1877 ला तो तिथेच वारला. लाइन ओरोयाला पोचली ती 1893 मध्ये.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साहेब घाईत होते म्हणून एम.बी.च्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीच्या, कोऱ्या पानावर सही ठोकली. पावसाळ्यानंतर त्याच पानावर कधीच न झालेलं खडीकरण चढलेलं दिसलं, खाली माझी टपोरी सही. चौकशीतून सुटलो, पण अजून पेन उघडताना हात थबकतो.

तुझा अकाउंटंट सज्जन असेल. सॅन फ्रान्सिस्कोचा महापौरही मेग्जला सज्जनच समजत होता, सगळं गाव त्याला ‘ऑनेस्ट हॅरी’ म्हणायचं.

रविवारी जेवायलाच ये. चेकबुक घेऊन ये. सह्या केलेली पानं माझ्यासमोर फाडू, मग मस्कतच्या भागीदारीचा मसुदा वाचू.

तुझा,
काका