अमेरिकेत नोकरीच्या अर्जात वंश, लिंग, अपंगत्व विचारतात. खरं भरलं तर नोकरी हातची जाते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मास्टर्स संपत आलंय, अर्ज भरणं सुरू आहे. एका कंपनीच्या अर्जात शेवटी 'आम्ही सरकारी कंत्राटदार आहोत म्हणून विचारतोय' असं लिहून वंश, लिंग, अपंगत्व आणि माजी सैनिक आहात का, हे चार प्रश्न आले. तुम्हाला मधुमेह आहे. रूममेट म्हणतो, सगळीकडे 'सांगायचं नाही' यावर टिक कर आणि मोकळा हो. शिवाय ट्रम्पनी हे सगळं रद्द केलं असंही ऐकलंय, मग फॉर्म अजून का येतोय?

मी न्यू जर्सीत एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआरमध्ये अकरा वर्षं हेच काम केलं. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांना आमची कंपनी उपकरणं पुरवायची, म्हणजे फेडरल कंत्राटदार. तुम्ही भरता ते फॉर्म शेवटी ज्या बाईच्या एक्सेलमध्ये जाऊन पडतात, ती बाई मी. तर उत्तर आधीच देऊन टाकते: खरं भरा. तुमचं भवितव्य ठरवणारा प्रश्न त्या पानावर नाहीच. तो तुम्ही दोन पानं आधी, चहा पिता पिता भरून आलाय. त्याच्याकडे येतेच.

आधी हे कागद कुठे जातात ते सांगते. तुमचा बायोडेटा जातो भरती करणाऱ्या मॅनेजरकडे. हे चार प्रश्न त्याच्यापर्यंत पोचू नयेत अशी व्यवस्था असते. अपंगत्वाच्या फॉर्मबद्दल तर नियमच आहे की तो कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या फाइलीत लावायचा नाही, गोपनीय म्हणून वेगळा ठेवायचा. लहान कंपन्यांत भिंती पातळ असतात हे खरं, पण फॉर्म बघून माणूस नाकारल्याचं सिद्ध झालं तर किती महागात पडेल हे एचआरला पक्कं ठाऊक असतं.

मग विचारतात कशाला? तर कंपनीला मोजायला. समजा एका पदासाठी १०० पुरुषांनी अर्ज केले आणि २० घेतले गेले. ५० बायकांनी केले आणि ४ घेतल्या गेल्या. पुरुषांचं प्रमाण २० टक्के, बायकांचं ८. म्हणजे बायकांचं प्रमाण पुरुषांच्या ४० टक्केच भरलं. १९७८पासून इथे एक ढोबळ पट्टी वापरतात: हे गुणोत्तर ८० टक्क्यांच्या खाली गेलं की भुवई उंचवायची. लगेच दोषी ठरत नाही कोणी, पण कंपनीला उत्तर द्यावं लागतं. असं का झालं? परीक्षेत काही खोट होती का? मुलाखत घेणारा एकच माणूस होता का? माझे दर वर्षीचे तीन महिने याच 'का'मध्ये जायचे.

ही मोजणी आपल्या लोकांच्या बाजूनंही लागलेली आहे, हे तुमच्या रूममेटला जरूर सांगा. २०१६मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानं पॅलँटिर या कंपनीवर दावा लावला. त्यातलं एक पद होतं क्वालिटी अ‍ॅशुरन्स इंजिनिअरचं. खात्याच्या हिशेबानं पात्र अर्जदार ७३०हून जास्त, त्यातले साधारण ७७ टक्के आशियाई. आणि घेतले कोण, तर सहा बिगर-आशियाई आणि एक आशियाई. कंपनीनं आरोप नाकारला, पण २०१७मध्ये सुमारे १७ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आता त्या सगळ्यांनी 'सांगायचं नाही' म्हटलं असतं तर हे आकडे कुठून आले असते?

कंत्राटदारांनाच वेगळे नियम का, याची गोष्ट मला आवडते म्हणून जरा रमते. १९४१. युद्धसामग्रीचे कारखाने धडधडत होते आणि कृष्णवर्णीयांना दारातून परत पाठवत होते. ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयानांतल्या पोर्टरांचे पुढारी. त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना सांगितलं, १ जुलैला एक लाख लोक घेऊन वॉशिंग्टनमध्ये येतो. २५ जूनला रूझवेल्टनी ८८०२ क्रमांकाच्या आदेशावर सही केली: संरक्षण उद्योगात वंश, रंग, धर्म बघून भेदभाव करायचा नाही. मोर्चा निघालाच नाही! १९६१मध्ये केनेडींनी तोच धागा पुढे नेला. 'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' (भेदभाव होऊ नये म्हणून स्वतःहून पावलं उचलणं) हे शब्द या अर्थानं त्यांच्याच आदेशातून आले. आणि २४ सप्टेंबर १९६५ला जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढला. कंत्राटदारांवरचे पुढचे साठ वर्षांचे नियम त्याच्यावर उभे राहिले. मूळ यादीत बायका नव्हत्या बरं का, त्या १९६७मध्ये आल्या.

यातली मेख अशी की सरकार इथे गिऱ्हाईक म्हणून बोलत होतं. माझे पैसे हवेत ना, मग माझी अट पाळ. मोठ्या कंत्राटदारांना दर वर्षी लेखी आराखडा करावा लागे, आणि कामगार खाते कधीही तपासणीला येऊन बसे. देशातल्या साधारण दर पाचातला एक कामगार अशा कुठल्यातरी कंत्राटदाराकडे असतो, त्यामुळे ही अट लहानसहान नव्हती.

आणखी एक तारीख. त्या आदेशानंतर नऊच दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९६५ला, याच जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी नवा इमिग्रेशन कायदा मंजूर केला. देशोदेशींचे जुने कोटे गेले आणि आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर यायला लागले. आज न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीच्या आरतीला उभं राहायला जागा मिळत नाही, त्याचं मूळ या सहीत आहे. दार उघडणारी सही आणि दाराच्या आत वागवण्याचे नियम एकाच पंधरवड्यातले.

आता रद्द झाल्याचं. आपल्याकडचा जीआर डोळ्यांसमोर आणा: सभागृहात मतदान नाही, सही झाली की अंमल, आणि पुढच्या सरकारनं उलटी सही केली की संपलं. ११२४६ तसाच होता. २१ जानेवारी २०२५ला ट्रम्प यांच्या १४१७३ क्रमांकाच्या आदेशानं तो रद्द झाला आणि जुनं गुंडाळायला कंत्राटदारांना ९० दिवस मिळाले. माझं निम्मं काम एका दुपारी गेलं. शिवाय बाजू उलटली: आता कंत्राटदारानं लिहून द्यायचं की आपण बेकायदा डीईआय कार्यक्रम (विविधता, समता आणि सगळ्यांना सामावून घेण्याचे उपक्रम) चालवत नाही. ते खोटं निघालं तर यादवी युद्धातला, १८६३चा, सरकारला फसवणाऱ्या पुरवठादारांसाठीचा कायदा लागू शकतो आणि नुकसानीच्या तिप्पट वसुली होऊ शकते. 'बेकायदा' म्हणजे नेमकं काय यावर वकिलांची चांदी चालू आहे.

पण अपंगत्वाबद्दलचं कलम ५०३ हे संसदेच्या १९७३च्या कायद्यातलं, आणि माजी सैनिकांचा कायदा १९७४चा. ते कायदे एका सहीनं जात नाहीत. म्हणून ते दोन फॉर्म अजून येतात. वंश-लिंगाचा प्रश्न येतो कारण १०० किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीला, कंत्राटदार असो-नसो, आपल्या कर्मचाऱ्यांची वर्गवारी सरकारला कळवावी लागते. आणि मुख्य म्हणजे १९६४चा नागरी हक्क कायदा जागेवर आहे. १५ माणसं असलेल्या कंपनीलाही वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश बघून नाकारता येत नाही. फरक एवढाच की पूर्वी तपासनीस स्वतःहून यायचा, आता वंश-लिंगाबद्दलची तक्रार बहुतेक वेळा तुम्हालाच घेऊन जावी लागेल, आणि तीही मुदतीत: १८० दिवस, न्यू जर्सीसारख्या राज्यात ३००.

तुमच्या मधुमेहाचं. त्या फॉर्मवर उदाहरणांची यादी आहे ती वाचा. मधुमेह आहे, मायग्रेन आहे, दमा आहे, नैराश्यही आहे. आपल्या घराघरांत मधुमेह असतो आणि त्याला अपंगत्व म्हणायला जीभ रेटत नाही, हे मला कळतं. माझ्या वडिलांनी इन्सुलिन घेत घेत चाळीस वर्षं नोकरी केली, त्यांना कोणी अपंग म्हटलं असतं तर चप्पल काढली असती. पण इथल्या कायद्याचा अर्थ आपल्या बोलण्यातल्या शब्दापेक्षा बराच रुंद आहे. 'हो' म्हटल्यानं तुमच्यासाठी जागा राखीव होत नाही. अपंग कर्मचाऱ्यांचं प्रमाण सात टक्के असा एक आकडा नियमात आहे, तो कंपनीनं गाठायचा प्रयत्न करण्याचा. आपल्याकडच्यासारखी बिंदुनामावली इथे नाही. 'हो', 'नाही', 'सांगायचं नाही' या तिन्हींना परवानगी आहे. मन धजत नसेल तर तिसऱ्यावर टिक करा, कोणी कारण विचारणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा: हा फॉर्म भरला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. उद्या मीटिंगच्या मधे खायला उठायची मुभा हवी असेल तर ती एचआरकडे वेगळी मागावी लागते. आणि हो, जुलै २०२५मध्ये कामगार खात्यानं हा प्रश्न आणि ते सात टक्के, दोन्ही काढून टाकायचा प्रस्ताव मांडलाय. तेव्हा पुढच्या अर्जात फॉर्म दिसला नाही तर दचकू नका.

वंशाच्या रकान्यात 'एशियन'. भारतीय उपखंड त्याच्याच व्याख्येत येतो. हसू नका, एका वर्षी आमच्या आयटी विभागात अचानक तीन 'अमेरिकन इंडियन' उगवले. तिघांची आडनावं अगदी सदाशिव पेठेतली. अमेरिकेत आलो, इंडियन आहोत, टिक केलं! तो रकाना इथल्या आदिवासींचा. जातीचा रकाना मात्र कुठेच नाही, फेडरल यादीत तो शब्द कधी नव्हताच. सिअ‍ॅटल शहरानं २०२३मध्ये जातीय भेदभावावर बंदी घातली. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी तसं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं आणि गव्हर्नरनी सही नाकारली.

आता तो दोन पानं आधीचा प्रश्न: 'तुम्हाला आता किंवा पुढे कधी व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का?' हा थेट मॅनेजरपर्यंत जातो. तुम्ही 'हो' म्हटलंत आणि कंपनीनं तेवढ्यावर नाकारलं, तर ते सहसा कायदेशीर आहे. मूळ देश बघून नाकारता येत नाही, पण व्हिसाचा खर्च आणि कटकट नको असं म्हणता येतं. १९८६च्या कायद्यानं नागरिकत्वावरून भेदभावाला बंदी घातली, पण ते संरक्षण नागरिक, ग्रीन कार्डवाले, निर्वासित आणि आश्रय मिळालेले यांना आहे. विद्यार्थी आणि एच-१बीवाले (कंपनीनं काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावरचे) त्यात नाहीत. (ग्रीन कार्डवाल्या वाचकांसाठी: नागरिकत्वाला पात्र झाल्यावर सहा महिन्यांत अर्ज केला नाही तर तुम्हीही त्यातून गळता.) आणि कंत्राटातच 'फक्त अमेरिकन नागरिक' अशी अट असेल, संरक्षणाच्या काही कामांत असते, तर नागरिक सोडून सगळ्यांना दार बंद. अशा जाहिरातींवर तासभर घालवू नका, 'सिक्युरिटी क्लिअरन्स' (गुप्त सरकारी माहिती हाताळायची परवानगी) शब्द दिसला की पुढे चला.

तिथे खोटं मात्र अजिबात लिहू नका. 'आत्ता लागत नाही' हे ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची तात्पुरती परवानगी) खरं असलं तरी प्रश्नात 'पुढे कधी' आहे, आणि तीन वर्षांनी व्हिसाचा कागद पुढे ठेवाल तेव्हा जुना अर्ज कोणीतरी उघडतंच. मीच उघडायचे.

अपंगत्वाच्या फॉर्मवर तारीख घालायची असते. महिना आधी, दिवस नंतर. याच एका गोष्टीसाठी मी आपल्या मुलांचे निदान पन्नास फॉर्म परत पाठवले असतील.