नववी-दहावीला इंग्रजी भाषा आणि साहित्य शिकवण्याचं नेमकं उद्दिष्ट काय असावं?

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये दोन उद्दिष्टं दिली आहेत: रोजच्या वापरापुरती भाषा येणं, आणि पुढे त्याच भाषेतून विचार करता येणं, ज्ञान मिळवता येणं. माझ्या मते दुसऱ्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं.

मी नागपुरात मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवते. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी नववीतलं पोरगं चार वाक्यं सलग बोलताना अडखळतं. कारण सरळ आहे, वर्गात त्याला बोलायला मिळतच नाही. मी जोड्या लावते: एक जण सीताबर्डीला जायचा रस्ता विचारतो, दुसरा सांगतो. व्याकरण चुकलं तरी मध्ये टोकत नाही, शेवटी फळ्यावर दोनच चुका घेते.

साहित्याचं म्हणाल तर कवितेचं रसग्रहण गाईडमधून पाठ करून घेणं हा मुलांवर अन्याय आहे. तयार उत्तर लिहून मार्क मिळतील, पण कविता वाचलीच जात नाही. आधी मोठ्यानं दोनदा वाचा. मग एकच प्रश्न: कोणती ओळ आवडली, का? उत्तर मराठीत, वऱ्हाडीत आलं तरी चालेल, इंग्रजीत मांडायला नंतर मदत करा. स्वतःचं मत असलं की शब्द शोधायला मुलं आपणहून धडपडतात.

आणि शब्दकोश बघायची सवय आठवीतच लावा. कॉलेजात विज्ञान शाखेची पुस्तकं एकदम इंग्रजीत येतात, तेव्हा तीच कामी येते.