बेसबॉलचा पहिला व्यावसायिक संघ कोणता? आणि ‘ओपनिंग डे’चा, म्हणजे हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दिवसाचा, एवढा थाट का असतो?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात सापडतात. सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला संघ म्हणजे १८६९चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. त्याआधी काही खेळाडूंना गुपचूप पैसे मिळत, पण नियमाप्रमाणे खेळ हौशीच होता. संघ बांधला हॅरी राइट यांनी. ते इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि मुळात व्यावसायिक क्रिकेटपटू! आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना हे नाव माहीत असायलाच हवं. त्यांचा संघ १८६९मध्ये एकही सामना हरला नाही. जून १८७०मध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक्सनी अकराव्या डावात ८-७ असं हरवलं, तेव्हा कुठे ही घोडदौड थांबली. त्याच वर्षाअखेर संघ मोडला आणि राइट बॉस्टनला गेले. आजचा सिनसिनाटी रेड्स हा नंतर उभा राहिलेला वेगळा संघ.

तरी हंगामाच्या पहिल्या सामन्याचा मान शहरानं जपलाय. त्या दिवशी फिंडले मार्केटची मिरवणूक निघते, १९२०पासूनची परंपरा. लोक चक्क कामाला दांडी मारतात. राष्ट्राध्यक्षांनी पहिला चेंडू टाकायची प्रथा मात्र वॉशिंग्टनची: १९१०मध्ये टाफ्ट यांनी ती सुरू केली.